गावाचे संकेतस्थळ : अद्ययावतीकरणानंतरही आपले बदल टिकवावयाचे कसे?

सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड तालुक्यात, वरंध हे गाव वसले आहे. भोरकडून येणारा रस्ता याच गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घाटातून कोकणात उतरतो आणि पुढे महाडकडे जातो. घाटात कावळ्या किल्ला, खाली शिवथरची घळ आणि सभोवती भातखाचरांचा हिरवा पट्टा, असे या परिसराचे पावसाळ्यातील रूप असते. ते जितके मनोहर तितकेच धोक्याचेही. दरडी कोसळतात, रस्त्याच्या कडा खचतात, घाटातील वाहतूक बंद ठेवण्याचे आदेश निघतात. पाऊस सरला की रस्ता पुन्हा दुरुस्त होतो. तथापि पाऊसच येऊ नये, असे येथील शेतकरी कधी म्हणत नाही. पावसाआधी बांध घालणे, चर मोकळे करणे आणि पाऊस ओसरताच फुटलेला बांध पुन्हा उभा करणे, हीच त्याची रीत आहे.

संगणकप्रणालींच्या जगातही असा एक पावसाळा असतो. तो वर्षातून एकदा नव्हे, तर अनेकदा येतो. त्याला अद्ययावतीकरण किंवा रूढ भाषेत 'अपडेट' असे म्हणतात. ग्रामपंचायत, शाळा किंवा एखादे कार्यालय आपले संकेतस्थळ तयार करून घेते. त्यात आपल्या गरजेप्रमाणे काही बदल करते. काही महिन्यांनी मूळ प्रणालीची नवी आवृत्ती येते, ती बसविली जाते आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो गावाने केलेले बदल नाहीसे झालेले असतात. हे असे का घडते, गेलेले बदल परत कसे मिळवावयाचे आणि पुन्हा ते जाऊ नयेत यासाठी कोणती व्यवस्था ठेवावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न केवळ शोभेचा नाही

संकेतस्थळाचा रंग बदलला किंवा मथळ्याचे अक्षर लहान झाले, तर फारसे बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु महाड आणि पोलादपूर या तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचे गांभीर्य निराळे आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई यांसारख्या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे मोठी दुर्घटना घडली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या आणि सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले.

या भागातील असंख्य कुटुंबांतील कर्ती माणसे नोकरीनिमित्त मुंबईत असतात. पावसाच्या रात्री गावाची खबर मिळविण्यासाठी त्यांची धडपड चालते. गावातील दवंडी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, सूचनाफलकही पोहोचत नाही. वीज व दूरध्वनी बंद पडलेल्या गावाशी बोलणे होत नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळाच्या शिरोभागी असलेली एक पट्टी, म्हणजे स्थलांतरितांची सोय कोणत्या शाळेत केली आहे, घाट सुरू आहे की बंद, तालुक्याच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क कसा साधावा एवढी माहिती, फार मोलाची ठरते. नेमकी हीच पट्टी मे महिन्यातील एखाद्या अद्ययावतीकरणात पुसली गेली असेल आणि ते कोणाच्या लक्षात आले नसेल, तर जुलैत त्याची किंमत मोजावी लागते.

नित्याच्या कारभारातही हीच गोष्ट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाची असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा, त्यांची कालमर्यादा व शुल्क लोकांना कळावयास हवे. ही पाने संकेतस्थळावर असूनही त्यांकडे नेणारी यादीच अद्ययावतीकरणात नाहीशी झाली, तर ती नागरिकाच्या दृष्टीने नसल्यासारखीच होत.

बदल पुसला का जातो?

संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रणालींपैकी वर्डप्रेस ही अतिशय प्रचलित अशी एक प्रणाली आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती मे २००३ मध्ये प्रसिद्ध केली. ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने कोणीही वापरू शकतो. ड्रुपल आणि जूमला या तशाच अन्य प्रणाली होत. पुढील विवेचन सोयीसाठी वर्डप्रेसला धरून केले असले, तरी त्यातील तत्त्व सर्वत्र सारखेच आहे.

अशा संकेतस्थळाचे तीन थर असतात. पहिला थर मूळ प्रणालीचा. तो जगभर सर्वांचा एकच असतो. दुसरा थर सजावटीचा व जोडसाधनांचा, म्हणजे 'थीम' आणि 'प्लगइन' यांचा. तोही कोणीतरी तयार केलेला आणि अनेकांनी वापरलेला असतो. तिसरा थर गावाचा स्वतःचा. लिहिलेली पाने व सूचना, चढविलेली छायाचित्रे आणि प्रशासकीय पडद्यावरून केलेल्या निवडी यांचा त्यात समावेश होतो. पाने व निवडी माहितीकोशात म्हणजे डेटाबेसमध्ये राहतात, तर छायाचित्रांचे फोल्डर वेगळे असते.

अद्ययावतीकरण होते तेव्हा मूळ प्रणालीच्या जुन्या फाइलींच्या जागी नव्या येतात. थीमचे अद्ययावतीकरण होते तेव्हा त्या थीमचे संपूर्ण जुने फोल्डर काढून त्याजागी नवे ठेवले जाते. गावाच्या तिसऱ्या थराला सामान्यतः हात लागत नाही. म्हणूनच अद्ययावतीकरणानंतर सूचना आणि छायाचित्रे जागच्या जागी राहतात. परंतु थीमच्या मूळ फाइलीत शिरून केलेला बदल मात्र त्या फाइलीबरोबरच जातो.

ग्रामीण भागातील वाचकास ही गोष्ट सहज उमगेल. कुळाने दुसऱ्याच्या जमिनीत स्वतःच्या खर्चाने विहीर खोदली, पण त्याची नोंद कोठेच केली नाही. पुढे जमिनीची नवी मोजणी झाली, नवा नकाशा तयार झाला आणि त्यात ती विहीर नाही. मोजणी करणाऱ्याने अन्याय केला असे नव्हे; नोंदीत नसलेली गोष्ट त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. संगणकप्रणालीलाही आपण तिच्या फाइलीत केलेला बदल ठाऊक नसतो.

मग अद्ययावतीकरणच थांबवावे काय?

एकदा पोळलेले कार्यालय पुष्कळदा हाच मार्ग पत्करते. 'चालू आहे ते चालू द्या, अपडेटला हात लावू नका,' अशी तोंडी सूचना दिली जाते. हा मार्ग घातक आहे. २०१७ च्या आरंभी घडलेला प्रकार या दृष्टीने बोलका आहे. वर्डप्रेसच्या ४.७ व ४.७.१ या आवृत्त्यांत एक दोष आढळला. त्याचा फायदा घेऊन कोणीही परका माणूस संकेतस्थळावरील मजकूर बदलू शकत होता. २६ जानेवारी २०१७ रोजी निघालेल्या ४.७.२ या आवृत्तीत तो दोष दूर करण्यात आला. ज्यांनी ती आवृत्ती बसविली ती संकेतस्थळे वाचली. ज्यांनी बसविली नाही अशांची लाखो पाने पुढील काही दिवसांत विद्रूप करण्यात आली.

शिवाय प्रत्येक प्रणालीला आयुष्यमर्यादा असते. जूमलाच्या तिसऱ्या आवृत्तीचे पाठबळ ऑगस्ट २०२३ मध्ये आणि ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचे जानेवारी २०२५ मध्ये संपले. जुन्या आवृत्तीला चिकटून राहणाऱ्याला आज ना उद्या एकदम मोठी उडी घ्यावी लागते आणि मग लहान लहान बदलांऐवजी सर्वच बदल एकाच वेळी पणास लागतात. सबब अद्ययावतीकरण टाळणे हा उपाय नव्हे. ते निर्भयपणे करता यावे अशी व्यवस्था ठेवणे, हाच उपाय होय.

मराठी संकेतस्थळांपुढील विशेष अडचणी

मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. ते म्हणजे भाषेचे. थीममधील 'रीड मोअर' या शब्दांच्या जागी 'पुढे वाचा', 'सर्च'च्या जागी 'शोधा' असे शब्द घालून गाव आपले संकेतस्थळ मराठी करते. हे शब्द थीमच्या स्वतःच्या भाषाफोल्डरात घातले असतील, तर थीमबरोबर ते जातात. प्रणालीच्या सामाईक भाषाफोल्डरात घातले, तरीही तेथे भाषांतराची नवी फाइल आपोआप उतरते आणि गावाने केलेली दुरुस्ती तिच्याखाली गाडली जाते. म्हणून स्वतःची भाषांतरे या दोन्हींपासून वेगळ्या फोल्डरात ठेवली पाहिजेत. लोको ट्रान्सलेट हे जोडसाधन अशी वेगळी जागा उपलब्ध करून देते.

दुसरी बाब अक्षरवळणाची. मराठीतील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीतील वळणाहून निराळे आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे प्रमाणित करण्यात आली. अनेक नव्या देवनागरी अक्षरसंचांत दोन्ही वळणे असतात. पानाची भाषा मराठी आहे, असा संकेत पानाच्या आरंभी दिलेला असेल, तर मराठी वळण उमटते. अद्ययावतीकरणात तो संकेत गेला की मजकूर तोच राहून वळण मात्र बदलते. शिक्षकांच्या ही गोष्ट ताबडतोब लक्षात येते. इतरांच्या येत नाही.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. माहितीकोशाची राखीव प्रत घेताना किंवा ती परत बसविताना वर्णसंकेताची पद्धत चुकली, तर देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसू लागतात. ही प्रश्नचिन्हे एकदा माहितीकोशात साठविली गेली की मूळ मजकूर त्यांतून परत मिळत नाही. इंग्रजी मजकुराला ही बाधा होत नसल्याने दूरच्या तंत्रज्ञाच्या ती ध्यानातही येत नाही. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून 'यूटीएफ-८ एमबी-४' ही पद्धत स्वीकारली आहे. राखीव प्रतीतही तीच असल्याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी 'दऱ्या', 'कोसळणाऱ्या', 'क्षेत्रफळ', 'ज्ञानेश्वर' असे जोडाक्षरांचे शब्द असलेले एक पान परत बसवून वाचून पाहणे, ही साधी कसोटी पुरेशी होते.

बदल गेल्यानंतर : पुनर्स्थापनेच्या पायऱ्या

समजा, वरंध परिसरातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर हा प्रसंग ओढवला आहे. सकाळी कार्यालय उघडल्यावर दिसते की धोक्याच्या सूचनेची पट्टी नाही, वाड्यांची यादी नाही आणि बटनांवरील शब्द पुन्हा इंग्रजी झाले आहेत. अशा वेळी घाईने नव्या फाइली दुरुस्त करावयास बसू नये. पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

प्रथम, हा अद्ययावतीकरणाचाच परिणाम आहे याची खात्री करावी. अद्ययावतीकरणाची तारीख व बदल दिसू लागल्याची तारीख ताडून पाहावी. अद्ययावतीकरण झालेलेच नसेल आणि पाने बदलली असतील, तर तो परक्याचा शिरकाव असू शकतो. तसे असल्यास, भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक म्हणजे सर्ट-इन यांच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावयाची असते.

दुसरे, आहे त्या स्थितीचीही एक प्रत काढून ठेवावी. बिघडलेल्या स्थितीतही काल लिहिलेली सूचना असते. जुनी राखीव प्रत सरसकट परत बसविल्यास मधल्या काळातील नोंदी जातात, आणि एक हानी भरून काढताना दुसरी ओढवते.

तिसरे, जे गेले असे वाटते ते खरोखरच गेले आहे काय, हे पाहावे. 'अतिरिक्त सीएसएस' ही सोय वर्डप्रेसच्या डिसेंबर २०१६ मधील ४.७ या आवृत्तीत आली. तीत लिहिलेली सजावट माहितीकोशात राहते, परंतु ती त्या त्या थीमच्या नावाशी बांधलेली असते. यादी कोठे दिसावी याची निवडही तशीच. थीम बदलली की ती दिसेनाशी होते. पुन्हा जुनी थीम निवडली की परत दिसते. अशा वेळी ती पुसलेली नसते, केवळ बाजूला पडलेली असते.

चौथे, जुनी प्रत मिळवावी. आपल्याकडे ती नसेल, तर ज्यांच्या सर्व्हरवर संकेतस्थळ आहे त्यांच्याकडे विनाविलंब चौकशी करावी. अशा प्रती पुष्कळदा थोडेच दिवस ठेवल्या जातात. तेथेही न मिळाल्यास, इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने २००१ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या 'वेबॅक मशीन'मध्ये आपल्या संकेतस्थळाची जुनी छायाप्रत सापडण्याचा संभव असतो. तीवरून पाने कशी दिसत होती व त्यांतील मजकूर काय होता, हे कळते. मात्र सर्व्हरवर चालणारी मूळ आज्ञावली तेथे मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पाचवे, तुलना करावी. आपण बदललेली जुनी थीम आणि त्याच आवृत्ती-क्रमांकाची, कोणीही हात न लावलेली मूळ थीम अशा दोन प्रती समोरासमोर ठेवून फरक दाखविणाऱ्या साधनाने त्या ताडून पाहाव्यात. विनमर्ज, मेल्ड अशी साधने विनामूल्य मिळतात. दोहोंतील जो फरक निघेल तोच गावाने केलेला बदल. येथे आवृत्ती-क्रमांक सारखा असणे अत्यावश्यक आहे. अन्यथा निर्मात्याने केलेले बदलही आपल्याच बदलांत मिसळतात. या तुलनेतून निघालेली यादी हीच पुनर्स्थापनेची खरी शिदोरी होय.

सहावे, हे बदल पुन्हा मूळ फाइलीत घालू नयेत. त्यांना स्वतंत्र जागा द्यावी. ती कोणती, हे पुढील भागात पाहू.

गावाच्या बदलांना गावाची जागा

वर्डप्रेसमध्ये 'चाइल्ड थीम' म्हणून एक व्यवस्था आहे. मूळ थीमच्या शेजारी एक लहानसे वेगळे फोल्डर तयार करावयाचे, त्यातील सजावटीच्या फाइलीच्या शिरोभागी मूळ थीमच्या फोल्डराचे नाव नोंदवावयाचे आणि केवळ आपले बदल तेवढे तेथे ठेवावयाचे, अशी तिची रचना असते. पान तयार करताना प्रणाली प्रथम या लहान फोल्डरात पाहते. तेथे न सापडलेली फाइल मूळ थीममधून घेते. मूळ थीम अद्ययावत झाली तरी या शेजारच्या फोल्डराला धक्का लागत नाही. जूमलामध्येही आपली बदललेली फाइल वेगळी ठेवून मूळ फाइलीऐवजी ती वापरण्याची तरतूद आहे.

या व्यवस्थेतही दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे की मूळ थीमच्या फाइली गरज नसताना उचलून आणू नयेत. आणलेल्या फाइलीला निर्मात्याच्या पुढील दुरुस्त्या मिळत नाहीत. ती जुनीच राहते. म्हणून जेवढे लागेल तेवढेच आणावे आणि प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणानंतर मूळ फाइलीशी ते ताडून पाहावे. दुसरे असे की दिसण्याशी संबंधित नसलेल्या गोष्टी, जसे की धोक्याच्या सूचनेची पट्टी दाखविण्याची योजना, थीममध्ये ठेवूच नयेत. त्यांसाठी संकेतस्थळापुरते एक लहान स्वतंत्र जोडसाधन करावे. पुढे थीम पूर्णपणे बदलली, तरी सूचना दाखविण्याचे काम चालू राहते.

थीम बदलताना मघाशी सांगितलेली अडचण येतेच. मूळ थीमवरून चाइल्ड थीमवर जाताच 'अतिरिक्त सीएसएस'मधील मजकूर दिसेनासा होतो आणि याद्यांच्या जागाही विस्कटू शकतात. म्हणून बदल करण्यापूर्वी त्या उतरवून घ्याव्यात व नंतर पुन्हा नेमून द्याव्यात.

ज्या कार्यालयांचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या व्यासपीठावर आहे, त्यांच्यासाठी हे विभाजन बरेचसे आधीच केलेले असते. तेथे मूळ प्रणाली केंद्राकडून सांभाळली जाते आणि कार्यालयाने आपला मजकूर तेवढा भरावयाचा असतो. स्वातंत्र्य थोडे कमी, परंतु निर्धास्तपणा अधिक, असा हा व्यवहार आहे.

फेरफाराची नोंदवही

महसुली कारभारात जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची नोंद प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, होते. ती प्रमाणित झाल्यावर तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. सातबारा आजची स्थिती सांगतो; ती कशी आली हे फेरफार सांगतो. संकेतस्थळाच्या बाबतीत आपल्याजवळ 'सातबारा' असतो, 'फेरफार' नसतो, हेच बहुतेक अडचणींचे मूळ आहे.

म्हणून प्रत्येक कार्यालयाने संकेतस्थळाच्या बदलांची एक नोंदवही ठेवावी. तीत तारीख, बदल कोणत्या फाइलीत किंवा पडद्यावर केला, आधी काय होते व नंतर काय केले, का केले, कोणी केले आणि कोणाच्या संमतीने, एवढे रकाने पुरेत. त्यांपैकी 'का केले' हा रकाना सर्वांत मोलाचा. तांत्रिक बदल तुलनेने शोधून काढता येतो. त्यामागील कारण मात्र माणसाबरोबर निघून जाते. अधिकाऱ्याची बदली होते, संकेतस्थळ करून देणाऱ्या व्यावसायिकाचा करार संपतो, पदाधिकारी बदलतात. मागे राहते ती नोंदच. ज्यांच्याकडे तांत्रिक साहाय्य आहे त्यांनी गिट हे साधन वापरावे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते तयार केले. प्रत्येक बदलाचा फेरफार ते आपोआप जपते. परंतु साधी वहीसुद्धा, नियमाने लिहिल्यास, पुष्कळ काम करते.

याच वहीच्या शेवटी संकेतनामाच्या नूतनीकरणाची तारीख आणि प्रशासकीय खाते कोणाच्या नावे आहे, ही माहिती असावी. संकेतशब्द मात्र वहीत लिहू नयेत. ते मोहोरबंद पाकिटात जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावेत. संकेतनाम व प्रशासकीय खाते कार्यालयाच्या नावे असावे, व्यक्तीच्या किंवा पुरवठादाराच्या नावे नसावे.

राखीव प्रत : नदीच्या आवाक्याबाहेर

राखीव प्रतीबाबत संगणकक्षेत्रात एक सुटसुटीत नियम रूढ आहे. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. सावित्रीच्या खोऱ्यात या नियमातील शेवटच्या अटीला विशेष अर्थ आहे. संगणक ज्या खोलीत आहे, त्याच खोलीतील कपाटात ठेवलेली प्रत पुराच्या पाण्यात संगणकाबरोबरच भिजते. २०२१ च्या जुलैत महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके एकाच वेळी आपत्तीत सापडले होते. तेव्हा शेजारच्या तालुक्यातील प्रतही पुरेशी दूर आहे असे समजता येत नाही. एक प्रत या खोऱ्याबाहेर, जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबाग येथे किंवा दूरच्या सर्व्हरवर, असावी.

प्रतीत फाइली आणि माहितीकोश हे दोन्ही हवेत. केवळ फाइलींची प्रत घेतली, तर घर मिळते पण माणसे मिळत नाहीत. परत बसवून न पाहिलेली प्रत म्हणजे केवळ आशा होय. वर्षातून निदान एकदा, शक्यतो मे महिन्यात, ती दुसऱ्या संगणकावर बसवून पाहावी. पावसाळ्यापूर्वीच्या आपत्ती-तयारीत होड्या, दोर आणि बॅटऱ्या तपासल्या जातात. त्याच यादीत हे एक काम वाढवावे.

आधी चाचणी, मग चावडी वाचन

अद्ययावतीकरण थेट चालू संकेतस्थळावर न करता प्रथम त्याच्या चाचणी-प्रतीवर करावे. तेथे सर्व ठीक दिसल्यास राखीव प्रत घेऊन मग मूळ ठिकाणी करावे. सुरक्षिततेच्या लहान दुरुस्त्या वर्डप्रेसमध्ये ऑक्टोबर २०१३ पासून आपोआप होतात. त्या चालूच ठेवाव्यात. मोठी अद्ययावतीकरणे मात्र सवडीने, कामाच्या दिवशी सकाळी आणि पावसाळ्याच्या ऐन भरात नव्हे, अशी करावीत.

काम झाल्यावर ते बरोबर झाले की नाही हे कोणी ठरवावयाचे? या बाबतीत महाराष्ट्राच्या महसूल खात्याचा अनुभव मार्गदर्शक आहे. हस्तलिखित सातबारा संगणकावर आणताना दोहोंत तफावती राहिल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत सातबारे गावकऱ्यांसमोर वाचले गेले. आपले नाव, आपले क्षेत्र, आपला गट चुकला आहे हे ज्याचे त्याने ओळखले. यंत्राला न सापडणारी चूक खातेदाराच्या कानाला सापडते, हे या मोहिमेमागील सूत्र होते.

संकेतस्थळाचेही असेच चावडी वाचन व्हावे. महत्त्वाच्या दहा पानांची यादी करावी. मुख्य पान, धोक्याची सूचना, संपर्क, सेवांची यादी, माहिती अधिकाराची १७ बाबींची माहिती, कराविषयीचे पान, वाड्यांची यादी इत्यादी त्यांत असावीत. अद्ययावतीकरणापूर्वी या पानांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत व नंतर ती ताडून पाहावीत. एक पान शिक्षकाने, एक सदस्याने, एक एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या भ्रमणध्वनीवर उघडून वाचावे. ज्याला जी माहिती लागते, तिची उणीव त्यालाच प्रथम जाणवते.

काही बदल गावाचे, काही सर्वांचे

शेवटी एक विचार. गावाने केलेल्या बदलांत दोन प्रकार असतात. वाड्यांची नावे, घाटाची सूचना, एस. टी.चे वेळापत्रक हे बदल केवळ त्या गावाचे. ते गावाच्या जागेतच राहिले पाहिजेत. परंतु एखाद्या इंग्रजी शब्दाला सुचलेला नेमका मराठी प्रतिशब्द, चुकीच्या भाषांतराची दुरुस्ती, हे बदल एका गावाचे नसून सर्व मराठी भाषकांचे आहेत. वर्डप्रेसची भाषांतरे स्वयंसेवक करतात आणि त्यांत कोणालाही सूचना पाठविता येते. सूचना स्वीकारली गेली की ती मूळ भाषांतरात समाविष्ट होते. मग पुढील अद्ययावतीकरण तिला पुसत नाही, उलट ते स्वतःच ती घेऊन येते. बदल टिकविण्याचा याहून पक्का मार्ग नाही.

या परिसराला या गोष्टीचे नावीन्य वाटू नये. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचला गेला. त्यांची राजधानी रायगड याच महाड तालुक्यात आहे. वरंधजवळच्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे लिहावे व ग्रंथ कसा जपावा, यासाठी खर्ची पडला आहे. शब्द आपले करावेत आणि लिहिलेले जपावे, हे दोन्ही धडे या मातीत पूर्वीच दिले गेले आहेत.

साधन बदलले, जपणुकीचे सूत्र तेच आहे. परक्याच्या फाइलीत आपले काही ठेवू नये, केलेल्या बदलाची नोंद ठेवावी, प्रत नदीच्या आवाक्याबाहेर असावी आणि दुरुस्ती झाल्यावर लोकांकडून वाचून घ्यावी. एवढे केले, तर पुढील अद्ययावतीकरण केव्हाही येवो, पावसाच्या रात्री मुंबईत बसून गावचे पान उघडणाऱ्या माणसाला गाव जागच्या जागी सापडेल.